त्रेपन्नावा आठवडा

योर्गेन नेसलुंड उकडलेला बटाटा सुरीनं कापत नाही, काट्याच्या पाठीनं दाबतो. कॉफी ओतताना कपाच्या काठाखाली बोटभर जागा सोडतो, जरी दूध घेत नसला तरी. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात गेला की आधी सुऱ्यांची धार अंगठ्यावर बघतो. काही बोलला नाही, तर धार गेलेली असते. जिन्यात कोणी भेटलं की हवेबद्दल एक वाक्य बोलतो आणि पुढे जातो. तळघरातल्या धुण्याच्या खोलीत रविवारी संध्याकाळची वेळ त्याचीच. सोमवारी त्याच्या मुलीला, तिंद्राला, आईकडे जायचं असायचं आणि तिचे कपडे वाळून घडी होऊन बॅगेत जायला हवे असायचे.

आणि तो तारीख सांगत नाही. तसे आम्ही सगळेच आठवड्याच्या नंबरावर जगतो. शरदातली सुट्टी चव्वेचाळिसाव्यात, बर्फातली सुट्टी दहाव्यात, हे इथल्या मुलांनाही पाठ असतं. पण योर्गेन दातांच्या डॉक्टरची वेळही ‘एकोणिसावा, बुधवार’ अशीच लक्षात ठेवतो. मी त्याला माझा वाढदिवस सांगितला तेव्हा त्यानं क्षणभर भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, “सत्तेचाळिसावा, गुरुवार. म्हणजे वाटाण्याचं सूप.” गुरुवारी इथे तेच शिजतं.

तो शाळेत स्वयंपाकी होता. एल्व्सुंदच्या प्राथमिक शाळेत, दोनशे चाळीस मुलांसाठी. मी त्याच शाळेच्या ग्रंथालयात आठवड्यातून तीन दिवस असते आणि त्याच्या वरच्या मजल्यावर राहते. साहित्याची पदवी घेऊन गावी परतले तेव्हा ओळखीचं कोणी उरलं नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात तो उरलेलं जेवण डब्यात घालून वर आणायचा. मी त्याला कादंबऱ्या द्यायचे. त्यातलं तो जेवणाचं तेवढं वाचायचा आणि चुका काढायचा. मी सव्वीस वर्षांची, तो एकेचाळीस. तो माझा मित्र होता. आहे, असं लिहायला हवं का, ते मला माहीत नाही.

शाळेचा सहा आठवड्यांचा मेन्यू तोच लिहायचा. त्यातही त्याची एक पद्धत होती. नवा पदार्थ आधी घरी करून तिंद्राला द्यायचा. तिनं अंगठा वर केला तर तो पदार्थ शाळेत, आडवा केला तर मीठ-मसाला बदलून पुन्हा, खाली केला तर रद्द. तिंद्रा त्याच्याकडे विषम आठवड्यांत असायची. म्हणून मेन्यूत नवे पदार्थ विषम आठवड्यांतच यायचे आणि सम आठवडे जुन्यांवर भागायचे. मासा, सॉसेज, खिम्याचे गोळे, लिंगनबेरीच्या आंबट लाल फळांचा मुरांबा. त्याची मदतनीस सिर्पा फिनलंडची, वीस वर्षांपासून त्याच स्वयंपाकघरात. ती म्हणायची, “ह्याच्या डोक्यात मेंदू नाही, वेळापत्रक आहे. आणि ते एक आठ वर्षांची पोरगी चालवते.”

विषम-सम हे ठरलं ते दोन हजार तेरामध्ये. योर्गेन आणि त्याची बायको उल्रिका वेगळे झाले ते इतके हळू आवाजात, की वरच्या मजल्यावर मला एकही शब्द ऐकू आला नाही. उल्रिका वृद्धाश्रमात नर्स होती. ती चार गल्ल्या पलीकडे राहायला गेली. तिंद्रा दोघांकडे सारखी राहील, यावर दोघांचंही एकमत होतं. नगरपालिकेच्या कुटुंब विभागाकडून मंजूर करून घ्यायचा कागद त्यांनी योर्गेनच्या स्वयंपाकघरात बसून भरला. छापील नमुन्यात वाक्य होतं: मूल आलटून पालटून एक आठवडा वडिलांकडे आणि एक आठवडा आईकडे राहील. योर्गेनला ते पसंत पडेना. आलटून पालटून म्हणजे कोणापासून सुरू? नंबर घालू या, म्हणाला. उल्रिकाच्या कामाच्या पाळ्याही नंबरावरच लागायच्या. तिलाही ते सोपं वाटलं.

मग त्यांनी मला वरून बोलावलं. मी साहित्य शिकले होते, तेव्हा वाक्य नीट करून देईन म्हणून.

मी लिहिलं: विषम आठवड्यांत तिंद्रा वडिलांकडे राहील, सम आठवड्यांत आईकडे. छापील वाक्य खोडलं, कारण एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी वाटली. उल्रिकानं वाचलं आणि म्हणाली, छान, आटोपशीर आहे. दोघांनी सह्या केल्या. मला कॉफी आणि वेलदोड्याचा पाव मिळाला.

दोन वर्षं त्या वाक्यावर सुरळीत गेली. सोमवारी सकाळी एकाच्या घरून तिंद्रा शाळेत जायची, संध्याकाळी दुसऱ्याच्या घरी परत यायची. दोघांना एकमेकांचं दार वाजवावं लागायचं नाही.

दोन हजार पंधराच्या नोव्हेंबरात उल्रिकाला उमेओ शहरातल्या इस्पितळात नोकरी मिळाली. पुढच्या ऑगस्टपासून. उमेओ इथून सव्वादोनशे किलोमीटर. एक आठवडा इथल्या शाळेत आणि एक आठवडा तिथल्या, असं होऊ शकत नाही. ती म्हणाली, तिंद्राला घेऊन जाते. योर्गेन म्हणाला, तिंद्रा इथेच राहील. तेव्हापासून प्रश्न तेवढा एकच होता, तिंद्रा कुठे राहणार. दोघंही ख्रिसमसपर्यंत त्यावर बोलले नाहीत. आम्ही इथे अवघड विषय असेच ठेवतो, हॉलमध्ये, ओल्या बुटांशेजारी.

त्या वर्षाला त्रेपन्न आठवडे होते.

बहुतेक वर्षांना बावन्न असतात. बावन्नावा सम, पुढच्या वर्षीचा पहिला विषम, साखळी तुटत नाही. त्रेपन्न आले की मात्र शेवटचा आठवडाही विषम आणि नव्या वर्षाचा पहिलाही विषम. लागोपाठ दोन विषम. माझ्या आटोपशीर वाक्याप्रमाणे दोन्ही योर्गेनचे. खोडलेल्या वाक्याप्रमाणे दुसरा उल्रिकाचा.

दोन जानेवारीला, शनिवारी, तो अंगणात गाडी भरत होता. वडिलांच्या जंगलातल्या झोपडीवर निघाला होता. बर्फात भोक पाडायचा गिरमिट, बटाट्यांचं पोतं, अंड्यांचे चार पुठ्ठे. तिंद्रा मागच्या सीटवर ब्लँकेटात गुंडाळून बसली होती. मी कचरा टाकायला उतरले होते. एवढं सामान बघून विचारलं, पलटण जेवायला येणार आहे का?

दुसऱ्या आठवड्यात परत येतो, म्हणाला. “कॅलेंडरनं एक आठवडा भेट दिलाय,” तो म्हणाला, आणि हसला. तो सहसा हसत नाही.

मीही हसले. सुट्टीबद्दल बोलत असेल असं मला वाटलं. खरं तर मी काही विचारच केला नाही. तिंद्रानं काचेवर श्वास सोडून मासा काढला आणि ते गेले.

सोमवारी दुपारी उल्रिकानं माझी बेल वाजवली. हातात तिंद्रासाठी नवे स्केट होते, लेस अजून पुठ्ठ्यातच. खाली दार बंद, फोन लागत नाही. शाळेला सुट्टी, म्हणून ती तिंद्राला न्यायला आली होती. तिनं तो आठवडा रजा काढली होती, उमेओचं घर तिंद्राला दाखवायला. ते कुठे आहेत, तिनं विचारलं. झोपडीवर, मी म्हटलं. कधी येणार म्हणाला? मला आठवत होतं तेच मी सांगितलं, दुसऱ्या आठवड्यात.

तिनं स्केट माझ्या हातात दिले, परत घेतले आणि जिना उतरून गेली.

पुढचं मला योर्गेनकडून कळलं, तेही तुकड्यातुकड्यांत. ती तीन तास गाडी चालवून झोपडीवर पोहोचली. दिवस मावळला होता, म्हणजे साडेतीन वाजले असतील. ते दोघं तव्यावर मासा तळत होते. त्यानं तिला आत बोलावलं, कॉफी टाकली. ती म्हणाली, तिंद्राचे कपडे भर. तो म्हणाला, पहिला आठवडा आहे. ती म्हणाली, मागचा आठवडा तुझाच होता. तो म्हणाला, हो, त्रेपन्नावा.  तिला ते तेव्हा कळलं असावं. तिंद्रानं बोटांवर मोजलं आणि विचारलं, “मग आता मी कोणाची?”

त्याला तिला पाठवता आलं असतं. त्यानं पाठवलं नाही. कागदात लिहिलंय, म्हणाला. उल्रिका कॉफी न पिता एकटी परत गेली. स्केट दाराशी ठेवून.

मी त्याला एकदाच विचारलं, का नाही पाठवलंस. तो सुरीला धार लावत होता. म्हणाला, “पाठवलं असतं तर माझ्या हातानं करार मोडला असता. उद्या कोर्टात म्हणाले असते, हा करार पाळत नाही.” मला ते पटलं. नंतर घरी येऊन विचार केला तर पटेना. अजून तसंच आहे. त्याच्याजवळ असले की पटतं.

फेब्रुवारीत उल्रिकानं अर्ज केला. तिंद्रानं आपल्याकडे राहावं, वडिलांकडे अधूनमधून जावं. योर्गेननं उलटा अर्ज केला. कोर्टानं कुटुंब विभागाला चौकशी करायला सांगितलं आणि गुड्रून नावाची बाई दोन्ही घरी येऊ लागली. पायांत लोकरी मोजे घालून सोफ्याच्या टोकाला बसायची आणि वहीत लिहायची. योर्गेन पॅनकेक करत होता तेव्हा तिनं तिंद्राला शेजारी उभं राहून पलटताना पाहिलं. तिंद्राशी एकटीनं बोलली. त्या बोलण्यातलं अहवालात एवढंच आलं: मुलीला दोन्हीकडे राहायचं आहे. आईच्या नव्या घरी मांजर असेल. वडिलांचं मुलीच्या अंगठ्यावर काम चालतं, ती गेली तर त्यांना कसं कळणार, असं मुलीनं विचारलं.

अहवालात शेवटी लिहिलं होतं की दोन्ही पालक चांगले आहेत. मी तो वाचला आणि मला हलकं वाटलं. योर्गेन म्हणाला, चांगले दोघंही असतील तर मग बघणार काय?

जूनमध्ये सुनावणी झाली. माझं नाव उल्रिकाच्या वकिलानं दिलं होतं. त्या सोमवारी दारात भेटलेली मीच. योर्गेनला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, जे झालं ते सांग.

कोर्टाची खोली आमच्या ग्रंथालयापेक्षा लहान होती. फिकट लाकडाचं टेबल, एक न्यायाधीश आणि शेजारी निकालात मत देणारी गावातलीच तीन साधी माणसं. त्यांतले एक निवृत्त पोस्टमन, माझ्याकडून समुद्रावरची पुस्तकं नेतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी शपथ घेतली: काही लपवणार नाही, काही वाढवणार नाही, काही बदलणार नाही. चांगलं वाक्य आहे, असं माझ्या मनात आलं. त्याची मला अजून लाज वाटते.

वकिलीण माझ्याच वयाची होती. सोमवारचं सगळं तिनं विचारलं. मग शनिवारचं. जाताना तो तुझ्याशी काय बोलला?

मी योर्गेनकडे पाहिलं. तो टेबलाची कड पाहत होता.

“म्हणाला, कॅलेंडरनं एक आठवडा भेट दिलाय.”

“म्हणजे आपल्याला एक आठवडा जास्तीचा मिळतोय, हे त्याला आधीपासून ठाऊक होतं?”

मला माहीत नाही, मी म्हटलं. तिनं विचारलं, वाक्याचा दुसरा काही अर्थ होतो का? मी विचार केला.  मला दुसरा अर्थ सापडला नाही. मी तसं सांगितलं. कागदावरचं वाक्य मी लिहिलं होतं, हेही सांगावं असं मला वाटत होतं. ते कोणी विचारलंच नाही. न विचारलेलं न सांगणं म्हणजे लपवणं का, हे मला तेव्हा कळलं नाही.

नंतर न्यायाधीशानं योर्गेनला विचारलं, आधीच ठाऊक होतं तर उल्रिकाला कळवलं का नाहीस? तो म्हणाला, वर्षाला त्रेपन्न आठवडे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. उल्रिकानं मान खाली घातली. तिला नव्हतं ठाऊक. मग त्यांनी विचारलं, उमेओला राहायला जाण्याचा विचार तू करशील का? मला वाटलं, तो हो म्हणेल. त्याच्या वकिलालाही तसंच वाटलं असावं, तो मान हलवू लागला होता. योर्गेन म्हणाला, “शाळेत दोनशे चाळीस मुलं जेवतात.”

एवढंच. प्रश्नाला हे उत्तर कसं, ते त्याला कोणी विचारलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर मी त्याची माफी मागितली. मी बोललो तेच तू बोललीस, तो म्हणाला. मग घरापर्यंत हवेबद्दल एक वाक्य. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन रडू लागले तेव्हा सिर्पानं माझ्या हातात पुसणं दिलं. “खरं बोललीस ना? मग आता ट्रे पूस.”

तीन आठवड्यांनी निकाल आला. अकरा पानं. पालकत्व दोघांचं एकत्रच राहील. तिंद्रा आईकडे राहील. सम आठवड्यांचे शनिवार-रविवार आणि निम्म्या सुट्ट्या वडिलांकडे.

मी तो निकाल चार वेळा वाचला, पेन्सिल घेऊन, जसं शिकवलं होतं तसं. कुठल्या वाक्यापाशी तो वळतो ते शोधत. पान चारवर आहे की मुलीची दोघांशीही सारखीच जवळीक आहे. पान सहावर आहे की आईनं स्वतःहून गाव सोडणं हे तिच्या विरुद्ध जातं, कारण मुलीची शाळा, मैत्रिणी इथे आहेत. ते वाचून वाटतं, आता वडिलांकडे. पान आठवर आहे की वडिलांनी कराराच्या शब्दाला धरून ठेवलं आणि आईला आधी कळवलं नाही. त्यातून वाईट हेतू सिद्ध होत नाही. पण मुलीचं दुसऱ्या पालकाशी नातं कोण जास्त सांभाळेल, हे पाहताना ते विचारात घ्यावं लागतं. पान नऊवर पुन्हा लिहिलंय की कुठल्याही एका प्रसंगाला जास्त वजन दिलेलं नाही. मग पान दहावर निर्णय. मधे काही नाही.

माझ्या साक्षीला साडेतीन ओळी आहेत. त्या साडेतीन ओळी काढल्या असत्या तर निकाल तोच आला असता का? सिर्पा म्हणते, तोच. उल्रिका एकदा दुकानात भेटली. स्वतःहून म्हणाली की तिला असं जिंकायचं नव्हतं. मग कसं, असं विचारणार होते, पण ती बटाटे निवडत होती.

आणि पान अकरावर, अगदी शेवटी, भेटीच्या नियमांखाली एक ओळ आहे. ज्या वर्षी त्रेपन्न आठवडे असतील त्या वर्षी भेटी आठवड्याच्या नंबरावर न मोजता एक सोडून एक धराव्यात. म्हणजे आलटून पालटून. मी खोडलेलं वाक्य जवळजवळ तसंच परत आलं होतं.

हे मी योर्गेनला दाखवलं. त्यानं वाचलं. “आपण लिहिलं होतं ते कमी शब्दांत होतं,” तो म्हणाला. थट्टेत म्हणाला की खरंच, ते मला ओळखता आलं नाही.

पुढच्याच सोमवारी त्यानं नोकरीचा राजीनामा दिला.

उमेओला एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात बदली स्वयंपाकी हवा होता. भाड्यानं एक खोली मिळाली. एकाच गावात असलो तर वर्षभरानं पुन्हा विचारता येईल, म्हणाला. मी त्याच्या दारात उभी होते. जूनमध्ये न्यायाधीशानं हेच विचारलं होतं, मी म्हटलं. तेव्हा का नाही म्हणालास?

त्यानं खोक्याला चिकटपट्टी लावली. “तेव्हा विचारत होते, मी काय सोडायला तयार आहे,” तो म्हणाला. “मला वाटलं, जो काही सोडायला तयार होतो, त्यालाच ते तिंद्रालाही सोडायला लावतील.”



तेहतिसाव्या आठवड्यात, शुक्रवारी, तो गेला. मुख्याध्यापिकेनं त्याला एकच विनंती केली होती, नवा माणूस येईपर्यंतचा सहा आठवड्यांचा मेन्यू लिहून ठेव. तीन दिवस तो शाळेच्या स्वयंपाकघरात तो कागद घेऊन बसला. सिर्पा म्हणते, पेन्सिलीला चार वेळा टोक केलं. जाताना कागद नेहमीच्या जागी, थंडगार खोलीच्या दारावर, चुंबकानं लावून गेला.

मुलं आली त्या सोमवारी सिर्पानं मला बोलावून घेतलं. कागदावर चौतीस ते एकोणचाळीस असे सहा रकाने होते, त्याच्या सरळ अक्षरात. चौतीस, छत्तीस, अडतीस पूर्ण भरलेले. मासा, सॉसेज, खिम्याचे गोळे, सगळे जुने पदार्थ. पस्तीस, सदतीस, एकोणचाळीस या रकान्यांत गुरुवारचं वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. बाकीचे चार दिवस, नव्या पदार्थांचे, कोरे. एका चौकोनात काहीतरी लिहून खोडलं होतं. उजेडासमोर धरून पाहिलं. वाचता आलं नाही.

सिर्पानं विचारलं, पस्तिसाव्याच्या सोमवारी पोरांना काय घालू?